जगाचे तालुके

तारा, तुझा फोटो मिळाला. तुझ्या लीड्सच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय शिक्षणाचा सप्ताह चालू आहे, तू एका टेबलामागे उभी आहेस, टेबलावर समोसे आहेत, मागे तिरंगा आहे आणि तुझ्या अंगावर माझी जांभळी पैठणी आहे. पदराला लावलेल्या पिना फोटोतही मोजता येतात. खाली तू लिहिलं आहेस, "आजी, मी आज दिवसभर इंडिया होते. पाय दुखले. तुमच्या नगरच्या कॅम्पसवर असलं काही असायचं का?"

असायचं. आणि ज्या माणसाने ते सुरू केलं, त्यालाच ते पुढे ओळखू येईनासं झालं. त्या माणसाबद्दल तुम्हा दोघांना सांगायचं बरेच दिवस मनात होतं. हे तुझ्या भावाला, अनिशलाही वाचायला दे. आपल्याला मराठी वाचता येत नाही असं तो म्हणतो, पण समोर मिसळीचं दरपत्रक आलं की बरोबर वाचतो.

आमचं विद्यापीठ नगरबाहेर एका माळावर आहे. त्या माळावर दुसरं काही उगवत नव्हतं. मी तिथे इंग्रजी शिकवायचे आणि गुंजाळ सर भूगोल. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक उठत नसे; ते मागणाऱ्याला देण्यासाठी होतं. शबनम पिशवीत कोल्हारच्या घरच्या बागेतले पेरू आणि कागदाच्या पुडीत मीठ. सरांना दोन मराठी यायच्या. व्यासपीठावर ते 'सन्माननीय' आणि 'उपस्थित' यांच्याखाली उतरत नसत, आणि खोलीत आले की कोल्हारचे होत.

पहिले परदेशी विद्यार्थी आले तेव्हा 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्ष' काढायचं ठरलं. त्याचा प्रमुख कोण, यावर आमच्या संचालकांनी विचार केला. सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणायचे. जगाशी संबंध कोणत्या विषयाचा, तर भूगोलाचा. म्हणून गुंजाळ सर. सर तोवर एकदाच महाराष्ट्राबाहेर गेले होते, तिरुपतीला, आणि तिथलं जेवण त्यांना आंबट वाटलं होतं.

कक्षात जगाचा नकाशा हवा, असं साहेबांनी सांगितलं. सरांनी तो लावला आणि शेजारी नगर जिल्ह्याचा लावला. जिल्ह्याचा आकाराने मोठा होता.

"जग काही न्यारं नसतं, बाई," ते मला म्हणायचे. "पाऊस, माती आन् उतार. एवढं जुळलं की मानसं जुळत्यात. आपल्या जिल्ह्यात जगातलं सगळं हाय. फकस्त समुद्र न्हाई. तो आपल्याला परवडला नसता."

हा विनोद नव्हता. ही त्यांची कामाची पद्धत होती. नवा विद्यार्थी आला की ते त्याला पेरूची फोड मीठ लावून द्यायचे आणि तो खात असताना दोन्ही नकाशांकडे आळीपाळीने बघायचे. मग त्याचा तालुका ठरायचा. तालुका ठरला की त्या तालुक्यातलं एक घर. दिवाळीला, सुट्टीला, ताप आला तर, मार्क कमी पडले तर, जायला एक घर. विद्यार्थ्याला घर 'देणे' हा त्यांचा शब्द होता, मुलगी देतात तसा. "नेपाळ संगमनेरात दिला," असं ते चहा पिताना सांगायचे, आणि ऐकणाऱ्या नवख्या प्राध्यापकाचा चहा गार व्हायचा.

घर पाहायला ते स्वतः एसटीने जायचे. पाणी कुठून येतं, संडास कसा आहे, हे बघायचेच. पण त्यांची मुख्य अट वेगळी होती. घरात म्हातारी हवी आणि ती बोलकी हवी. "शिकल्याली मानसं पोराशी इंग्रजी झाडत्यात," ते म्हणायचे. "म्हातारी पार भाषा शिकवूनच सोडती." राहुरीकडच्या एका बड्या बागायतदाराने बंगल्यातली वरची खोली देऊ केली होती. एसी होता. चहा झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "सर, गोरा मिळंल का?" सर उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "गोरे संपले. सत्तेचाळीसलाच परत गेले."

पद्धत शास्त्रीय होती, म्हणजे चुकायचीही. खार्टूमहून हिशाम नावाचा मुलगा आला, संगणक शिकायला. सुदान म्हणजे वाळवंट, वाळवंट म्हणजे जामखेड, असं सरांनी पेरूची फोड संपायच्या आत ठरवलं. पहिल्या सुट्टीहून हिशाम परत आला तेव्हा काळजीत होता. जामखेडच्या घरी टँकर आला होता आणि त्यालाही हंडा घेऊन रांगेत उभं केलं होतं. त्याने सरांना अतिशय नम्रपणे सांगितलं की खार्टूमला त्यांच्या घराच्या गच्चीवरून नाईल दिसते. एक नव्हे, दोन. त्यांच्या गावात दोन नाईल एकमेकींना मिळतात.

भूगोलाचे प्राध्यापक बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "ह्याला प्रवरासंगमला द्यायला पायजे हुता, बाई. लई मोठी चूक झाली." त्यांनी हिशामला घर बदलून द्यायची तयारी दाखवली. हिशाम नको म्हणाला. जामखेडच्या म्हातारीने पहिल्या दिवशी ज्वारीची भाकरी वाढली होती, आणि त्याच्या आजीकडेही ज्वारीच असते, फक्त भाकरी पातळ असते. दोघींपैकी कुणाची चांगली, हा वाद तो आणि ती म्हातारी अर्ध्या-अर्ध्या भाषेत घालत होते आणि वाद अर्धवट सोडून जाणं त्याला बरं वाटत नव्हतं. पुढे त्याच्या देशात लढाई पेटली. आई-बहिणी कैरोला गेल्या आणि गच्चीचं काय झालं ते कळायला मार्ग राहिला नाही. तेव्हापासून तो जामखेडला जाताना परतीची तारीख सांगेनासा झाला.

मलावीची चिकोंडी मात्र सरांनी अचूक दिली. मलावीत भलं मोठं तळं आहे. आपल्याकडे भंडारदरा आहे. म्हणून अकोले तालुका, गाव राजूर, घर हौसाबाईंचं. चिकोंडी फार्मसीला होती. बाजाराच्या दिवशी ती एसटीतून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर बारीक बारीक शेकडो वेण्या होत्या. हौसाबाईंनी तिला नाव विचारलं नाही, देश विचारला नाही. वेण्या हातात घेऊन म्हणाल्या, "कोनी घातल्या गं? लई कष्ट घेतलेत." त्या दिवाळीत हौसाबाईंची मंगल आणि तिच्या मैत्रिणी तशाच वेण्या घालून राजूरभर फिरल्या. चिकोंडी परत आली ती 'आमी', 'न्हाई', 'व्हय' घेऊन, आणि मी तीन वर्षं प्रयत्न करूनही तिचं मराठी सुधारू शकले नाही.

आता तुझ्या टेबलाकडे येते. सरांनी सुरू केलेला कार्यक्रम असा होता: वर्षातून एकदा परदेशी मुलं मेसमध्ये स्वतः रांधायची आणि आपापल्या घरच्यांना जेवायला बोलवायची. म्हणजे राजूरचे, जामखेडचे, संगमनेरचे. ते एसटीने यायचे, येताना डबे आणायचे, सगळं एकत्र वाढलं जायचं आणि कुणाचं काय, ते कळायचं नाही. भाषण नव्हतं. साहेब एका वर्षी तिथे चुकून आले, त्यांना ते फार आवडलं, आणि तिथून त्याची वाट लागली.

पुढच्या वर्षी त्याचा 'विश्वसंस्कृती महोत्सव' झाला. व्यासपीठ आलं, झेंडे आले, मेसच्या आचाऱ्याने मंचुरियन करून चीन सांभाळला. देश कमी पडले म्हणून स्थानिक मुलांना देश वाटून दिले. श्रीगोंद्याचा एक मुलगा आईच्या गाऊनला पट्टा बांधून जपान झाला आणि दर दोन मिनिटांनी वाकत राहिला. परदेशी मुलांनी 'पारंपरिक वेशात' नाच करायचा होता. चिकोंडीने सरांना सांगितलं, "सर, माजी आई बँकेत जाती. स्कर्ट-ब्लाऊज घालती. त्येच घालू का?" सर म्हणाले, "घाल. माज्या बापानं धोतार नेसलं, मला कुटं येतं?" घरची माणसं पहिल्या वर्षी शेवटच्या रांगेत बसली. दुसऱ्या वर्षी पार्किंगची अडचण म्हणून त्यांना बोलावलं नाही. त्या दिवशी सरांनी पेरू आणले नव्हते.

मग ते वर्ष आलं. विद्यापीठाचा दर्जा ठरवायला बाहेरून समिती येणार होती, महोत्सव तिच्यासाठी ठेवला होता, आणि नेमक्या त्याच दिवशी राजूरला मंगलचं लग्न होतं.

हौसाबाई आमंत्रणाला स्वतः आल्या. मी त्या वेळी कक्षात होते. निवृत्त झाले असले तरी समितीसमोर इंग्रजीतून सूत्रसंचालन करायला मला बोलावलं होतं. त्यांनी सगळ्या झेंड्यांखाली टेबलावर अक्षता ठेवल्या, मलाही दिल्या, आणि पत्रिका उलगडून सरांना दाखवली. खाली, जिथे घरातल्या लहान मुलांची नावं असतात, तिथे छापलं होतं: 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं! – चि. चिकोंडी.'

"करवली तीच हाय," हौसाबाई म्हणाल्या. "मंगलला सख्खी भन न्हाई. मागं कऱ्हा घेऊन कोन उभं ऱ्हाईल? तुमी आदल्या दिशी लावून द्या तिला."

"देतो की," सर म्हणाले. त्यांना तारीख तेव्हाच कळली होती. मी त्यांच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दालनात बैठक झाली.

"गुंजाळ," साहेब म्हणाले, "मला स्टेजवर सगळे देश पाहिजेत. एकही देश रजेवर नको."

"मलावी लग्नाला चाललीय, साहेब."

"कुणाच्या?"

"बहिणीच्या."

"मलावीला?"

"राजूरला."

साहेबांनी चष्मा काढला. "करवलीच ना? दुसरी बघा म्हणावं."

"आपण दुसरी मलावी बघू म्हटलं, तर आपल्याला चालेल का?"

साहेबांनी यावर खरोखर विचार केला. "चालेल," ते म्हणाले. "हॉस्टेलवर एखादी उंच मुलगी नाही का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, तुमची मुदतवाढ समितीनंतरच्या बैठकीत आहे. कक्ष ठेवायचा की नाही, तेही तेव्हाच. मुलगी राजूरला गेली, तर मला तुमच्यासाठी काही बोलता येणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

ती मुदतवाढ सरांना फार हवी होती. पुढच्या वर्षी रवांडाहून मुलं येणार होती. हिरवे डोंगर म्हणून सरांनी त्यांच्यासाठी अकोल्यात घरं पाहूनही ठेवली होती, म्हाताऱ्यांसकट. निवृत्तीनंतर काय, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "पेरूच्या झाडांशी काय बोलू?"

बैठकीनंतर आम्ही कँटीनमध्ये बसलो. मी म्हटलं, "सर, एक दिवसाचा प्रश्न आहे. हौसाबाई समजून घेतील."

"घेतील," सर म्हणाले. "त्यांनी लई समजून घेतलंय. घर पाहायला गेल्तो तवा मी काय म्हनलो त्यांना? पोरगी समजा. त्या समजल्या. आता जाऊन सांगू, की समिती जाईपस्तोर समजू नका?" त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो प्यायला विसरले.

आदल्या दिवशी त्यांनी चिकोंडीला स्वतः स्टँडवर नेऊन अकोल्याच्या गाडीत बसवलं. हे कळल्यावर हिशाम आला. जामखेडला हुरडा निघाला होता आणि म्हातारीने फोनवर फोन लावले होते. सर म्हणाले, "जा." मग नेपाळनेही विचारलं. संध्याकाळपर्यंत परदेशी वसतिगृहात वाळत घातलेले कपडे तेवढे राहिले.

समितीच्या दिवशी व्यासपीठ मात्र भरलेलं होतं. साहेब व्यवस्थापनात कमी नव्हते. जपान वाकत होता. शेवगावची एक मुलगी फ्रान्स होती. साहेबांनी शोधलेली उंच मुलगी पाथर्डीची निघाली; मलावीत काय घालतात ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिला बिबट्याच्या ठिपक्यांची चादर गुंडाळली होती. समितीचे अध्यक्ष कौतुकाने तिच्यापाशी थांबले आणि राजधानी कोणती, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. पोर प्रामाणिक होती. "पाथर्डी, सर," ती म्हणाली.

अध्यक्षांनी मागे वळून विचारलं, "मूळ विद्यार्थी कुठे आहेत?"

साहेबांनी गुंजाळ सरांकडे पाहिलं. सर बाजूच्या टेबलामागे एकटेच उभे होते. ते पुढे आले.

"घरी गेले आहेत, सन्माननीय."

"म्हणजे आपापल्या देशांत?"

"नाही. घरी. मलावी राजूरला आहे, सुदान जामखेडला, नेपाळ संगमनेरला."

"कशासाठी?"

"एक लग्न आहे. एक हुरडा आहे. नेपाळचं मी विचारलं नाही. घरी जाणाऱ्याला कारण काय विचारायचं?"

हे सगळं मी इंग्रजीत करून सांगितलं. हुरड्याला माझ्याकडे इंग्रजी शब्द नव्हता. अध्यक्षांनी मान हलवली आणि टिपण केलं. समितीतल्या दुसऱ्या गृहस्थांनी जेवताना माझ्याजवळ हळूच चौकशी केली की जामखेडला हुरडा अजून किती दिवस चालेल.

समितीने अहवालात वेशभूषांमधल्या वैविध्याची प्रशंसा केली आणि परदेशी विद्यार्थ्यांची परिसरातली उपस्थिती असमाधानकारक असल्याचं नोंदवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सरांना मुदतवाढ मिळाली नाही. कक्षाचा 'जागतिक संपर्क विभाग' झाला आणि तो दोनदा दुबईला जाऊन आलेल्या एका तरुण सहकाऱ्याकडे गेला. त्याने भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढला. भिंत स्वच्छ दिसते, यात वाद नाही.

चिकोंडीने लग्नातला फोटो सरांना पाठवला होता. हिरवं लुगडं, नाकात हौसाबाईंची नथ, हातात कऱ्हा, पुढे मुंडावळ्या बांधलेली मंगल. सरांनी तो कौतुकाने दहा जणांना दाखवला, दहा जणांनी पुढे पाठवला, आणि पुढच्या वर्षी तो विद्यापीठाच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आला. 'जागतिक संस्कृतींचं आमचं प्रांगण.' जागा कमी पडल्यामुळे मंगलला कापून टाकलं होतं. हौसाबाईंनी ते पाहिलं आणि सरांना फोन करून विचारलं, "नवरीच न्हाई, मंग हे लगीन कोनाचं?"

तुझा फोटो आल्यावर, परवाच मी मनमाड रस्त्याने जात होते, कोल्हारला थांबले. सर बागेत खाटेवर बसले होते. केस पार पांढरे झालेत. शर्टाला पेनं तीच दोन. मला पेरू दिला, मीठ दिलं आणि विचारलं, "नात कुटं असती म्हनला?"

"लीड्सला. इंग्लंडात."

त्यांनी डोळे मिटले. समोर नकाशा नव्हता, पण त्यांना तो लागत नसावा. "मेंढ्या हायेत का तिकडं?"

"पुष्कळ."

"उघडं माळरान? वारा?"

"वाऱ्याबद्दल ती फार तक्रार करते."

"मंग पारनेर," ते समाधानाने म्हणाले. "तिला घरी कोनी नेलं का?"

मी सांगितलं की तुझ्याकडे असे सप्ताह होतात, निरनिराळ्या देशांची टेबलं मांडतात, माणसं येऊन समोसे खातात आणि चौकशी करतात.

"टेबल ऱ्हाऊ द्या, बाई. घरी कोनी नेलं का?"

नेलं नव्हतं. वर्ष होत आलं, तारा, आणि तुझ्या फोनमध्ये एकाही स्वयंपाकघराचा उल्लेख आलेला नाही. मी नकारार्थी मान हलवली. सरांनी खिशातून मोबाईल काढला. चिकोंडी परत गेली आहे, तिकडे एका सरकारी दवाखान्यात औषधं बघते, आणि तिची मावशी लीड्सजवळ नर्स आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मलावी लांब आहे हे लक्षात घेऊन ते इतक्या मोठ्याने बोलू लागले की झाडावरचे पोपट उडाले.

तेव्हा तुला एका अनोळखी बाईंचा फोन येईल. रविवारी जेवायला बोलावतील. अभ्यास आहे म्हणून सांगू नकोस. पैठणी नको, नेहमीचे कपडे घाल, आणि जेवण झाल्यावर ताटं उचल.

माझी गाडी सुरू झाली तरी त्यांचं संपलं नव्हतं. मी काच खाली करून हात केला. त्यांनी पाहिलं नाही. एक बोट दुसऱ्या कानात घालून ते झाडांच्या रांगेत येरझाऱ्या घालत होते आणि मलावीला विचारत होते, "ते समदं ठीक हाय, चिकोंडी. पन मावशीच्या घरी म्हातारी हाय का? बोलकी हाय का?"